रुमालातली काडेपेटी

त्या डोंगरावर मी गेलो तेव्हा माझ्या मनात भक्ती नव्हती, राग होता. हे आधीच सांगून टाकलेले बरे.

भाद्रपदात मला विषमज्वर झाला. त्या आजारात आई नवस बोलली होती, की मुलगा उठला तर हिर्डोशीच्या वरच्या डोंगरात गुहेतला महादेव आहे, तिथे पायी चढून कापराची आरती करीन. मी उठलो. मी पुण्यात एका वृत्तपत्राच्या कचेरीत बातम्या लिहीत असे आणि नवसांविरुद्ध दोन कडक टिपणे माझ्या नावावर होती. औषध डॉक्टरांनी दिले, जागरणे बहिणीने केली. मग सदुसष्ट वर्षांच्या बाईचे सुजलेले गुडघे या देवाला कशासाठी हवेत, हा माझा प्रश्न होता. आईला तो मान्य नव्हता. "तू आला नाहीस तर मी एकटी जाईन," एवढेच ती म्हणाली, आणि ती गेली असती. तिला जिवंत परत आणायचे, यापलीकडे त्या यात्रेत माझा काही हेतू नव्हता.

माघात भोरहून बैलगाडीने आम्ही पायथ्याच्या वाडीत पोचलो. वर नेण्याचे काम कोंडिबा नावाच्या शेतकऱ्याकडे होते. त्याने आधी आईला ओट्यावर बसवले, गुडघे पाहिले आणि सांगितले, "आज न्हाई. गाडीनं हाडं खिळखिळी झाल्यात. उद्या उजाडताना निघू." मग त्याने आमची पूजेची टोपली पुढे ओढली आणि एकेक जिन्नस बाहेर काढू लागला. उदबत्त्या, धूप, कापूर, अत्तराचा फाया, शेवंतीची वेणी, लहानशी घंटा. टोपलीत बेलाची पाने आणि मूठभर तांदूळ उरले. आईला त्याने डोक्याचे तेल शिकेकाईने काढून टाकायला सांगितले.

"मग पूजा कशाने करायची?" मी विचारले.

"पान्यानं."

"आणि आरती?"

"आरती न्हाई. जाळ न्हाई, धूर न्हाई, वास न्हाई. बोलायचं बी न्हाई. वर राखण हाय."

"कसली राखण?"

"वर जायच्या आदी नाव घेत न्हाईत, रावसाहेब. डोंगर उतरल्याव सांगतो."

मला संताप आला. पाहुण्याला कारण न सांगता हुकूम सोडायचे आणि वर त्याला रीत म्हणायचे, हा प्रकार मी बातमीदार म्हणून पुष्कळ पाहिला होता. या गावावर काय लिहायचे याची पहिली दोन वाक्येही मनात तयार झाली. आई मात्र भांडली नाही. तिने कापराची पुडी बाजूला ठेवली आणि हळूच म्हणाली, "अपुरा राहील रे नवस." त्या वाक्याने मी जास्तच पेटलो. असल्या गुडघ्यांनी डोंगर चढायचा आणि नवस तरीही अपुराच! पहाटे डोक्याला रुमाल बांधताना त्याच्या घड्यांत मी कापराची पुडी आणि काडेपेटी लपवली.

चढण सरळ अंगावर येणारी होती. आई वीस पावले चाले आणि थांबे. मी पाठीवर घेतो म्हटले तर हात झटकून टाकी. तिची धाप ऐकत मी चढत होतो आणि प्रत्येक थांब्याला देवाला मनातल्या मनात शिव्या देत होतो. ऊन चढायच्या आत आम्ही गुहेखालच्या झऱ्याशी आलो. इथून पुढे ओलेत्याने जायचे, असे कोंडिबाने सांगितले. आईने दोन तांबे अंगावर घेतले. मी हातपाय धूत वाकलो होतो, तोच त्याने भरलेली कळशी माझ्या डोक्यावर उपडी केली.

"अहो, रुमाल!"

"ऱ्हाऊ द्या. डोस्कं लई तापलंय तुमचं."

आई खळखळून हसली. माझ्या आजारानंतर ती प्रथमच हसली होती. मी हसलो नाही.

कोंडिबा झऱ्यापाशीच थांबला. आम्ही दोघे गुहेत शिरलो. आत अंधार होता. आई पिंडीपाशी बसली, पाणी घातले, बेल वाहिला. मी तिच्या मागे उभा राहिलो, रुमालातून कापूर काढला आणि काडी ओढली. गुल चिखलासारखा पेटीला चिकटला. दुसरी ओढली, तिसरी ओढली. एकही पेटली नाही. तेव्हा मात्र देवाला तोंडावर चार शब्द सुनवायचे ठरवून मी मान वर केली.

एव्हाना डोळे अंधाराला सरावले होते. मी ज्याला काळे छत समजत होतो ते हलत होते. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत त्यावरून लाट सरकली आणि थांबली. आग्या मोहोळ. एक नव्हे, शेजारीशेजारी सहा-सात पोळी होती. त्यांच्या बरोबर खाली माझी आई डोळे मिटून बसली होती. तिला उठायलाच आधार लागे. पळण्याचा प्रश्नच नव्हता.

मी काडेपेटी मुठीत दाबून धरली. आईने दोन्ही रिकामे तळवे उचलले आणि पिंडीभोवती तीनदा ओवाळले. मग माझ्याकडे हात पुढे केला. मी तिला उठवले आणि आम्ही पाठ न फिरवता बाहेर आलो. उतरताना ती मुकाट्याने माझ्या पाठीवर बसली.

वाडीत आल्यावर मी भिजलेली काडेपेटी कोंडिबापुढे ठेवली. "तुम्हाला ठाऊक होतं?"

त्याने पेटीकडे पाहिले आणि त्याचा चेहरा उतरला. "न्हाई बा. म्या समद्यांच्याच डोसक्याव वततो." मग तो म्हणाला, "आता नाव घेतो. आग्या. माझा थोरला भाऊ त्यात गेला. एका पाव्हण्यानं उदबत्ती लावली हुती."

"राग नाही आला?"

"आला की. लई दिस कुणाला वरच नेलं न्हाई. मंग कळशी घिऊन जाया लागलो."

तो मला एक शब्दही रागाने बोलला नाही. त्याने मला मारले असते तरी चालले असते.

पुण्याला जाऊन मी काही लिहिले नाही. ती कळशी देवाने उपडी केली की कोंडिबाने, याचा निवाडा मला करता येत नाही आणि मी तो करीतही नाही. राग अजून आहे, पण तो आता त्या दिवशी काडी ओढणाऱ्या माझ्या हातावर आहे. आई आहे, याबद्दल कुणाचे उपकार मानायचे ते नेमके ठाऊक नसल्यामुळे मी दोघांचेही मानतो.

रोज संध्याकाळी आई देवापुढे कापूर मांडते आणि मला हाक मारते. मी काडेपेटी घेतो. काडी ओढण्याआधी एकदा वर पाहतो. वर घरातलीच काळवंडलेली तुळई असते. आई थांबते. मग मी काडी ओढतो.