खाटेजवळचा पाढा

अर्धांगवायूनंतर शब्द वाकडे येतात, या लाजेने शेजारच्या पास्कूने बोलणंच टाकलं होतं. रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर, शाळेत त्याच्या बाई असलेल्या म्हाताऱ्या सिस्टर त्याला ख्रिस्तप्रसाद द्यायला आल्या, तेव्हा मी दारातच होतो. असली नाटकं मी चुकवत नाही!

"प्रार्थना म्हण."

पास्कूने भिंतीकडे तोंड फिरवलं.

"नको? मग तेराचा पाढा म्हण. शाळेत कधी आला नाही तुला!"

पन्नाशीचा गडी दचकला. "तेर दुणे... सव्वीस..." लाळ पुसत, अडखळत तो बावन्नपर्यंत पोचला. सिस्टर डोळे मिटून ऐकत होत्या. त्यात शाळा कुठे संपली आणि चर्च कुठे सुरू झालं, मला अजून सांगता येत नाही.

"सिस्टर," पास्कू पुटपुटला, "पुढच्या रविवारी... सुट्टी द्या."

स्वयंपाकघरातून त्याची बायको धावत आली. तिला नवऱ्याने केलेली थट्टा ऐकू आली होती.