फळीपलीकडचा आवाज
राहुरीच्या बाजारपेठेतल्या जुन्या हॉटेलच्या इमारतीत आता पॅथॉलॉजी लॅब आहे. परवा शुगर तपासायला गेले, तर आत अजून जुन्या सागवानाचा वास होता आणि मला तिथली फॅमिली रूम आठवली. दगडी जोत्याची, कमानींची ती इमारत. आत उंच छताखाली लाकडी फळ्या ठोकून दोन खोल्या केल्या होत्या. पंखा एकच, म्हणून दोन्हीकडे वारा लागावा यासाठी फळ्या छतापासून हातभर खालीच थांबवलेल्या. मला पाहायला पाहुणे येणार होते आणि दोन्ही गावांना सोयीचं म्हणून हे हॉटेल ठरलं. पाहणं झालं, पाहुणे आपसात बोलायला शेजारच्या खोलीत गेले. वडील बशीतून चहा पीत होते. तेवढ्यात फळीवरून त्या मुलाचा आवाज आला, "मला पसंत हाय, पर तिला कुनी इचारलं का?" आमच्या घरात हा प्रश्न कुणाला पडलाच नव्हता. वडिलांनी बशी खाली ठेवली, माझ्याकडे वळले आणि हळू म्हणाले, "बाई, तुझं काय म्हननं हाय?" मी म्हटलं, "आबा, मला आधी डी.एड. करायचंय." ते उठले, पलीकडे गेले आणि हात जोडून तसं सांगून आले. त्या मुलाला मी पुन्हा कधी पाहिलं नाही, चेहराही आता नीट आठवत नाही. पण पुढे शाळेत शिकवताना कितीदा तरी वाटलं, त्याचे आभार मानायचे राहून गेले.