कॅचरचा डावा पाय

डोळे तपासायला आलेल्या माणसाने तक्त्यावरची अक्षरं वरून खाली वाचायची, ही जगाची रीत. या चष्मेवाल्यांच्या दुकानात मात्र खालून वर वाचावं लागे, आणि त्यातही मधली ओळ आधी. का, तर लोक तक्ता पाठ करून येतात! एका ट्रक ड्रायव्हरने त्यांना तसं एकदा खरंच फसवलं होतं. त्या एका माणसापायी पुढची वीस वर्षं सगळ्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना उलटं वाचायची पाळी आली.

घरीही तोच खाक्या. “माझं डोकं दुखतंय म्हटलं की हे आधी विचारणार, कुठल्या बाजूने,” त्यांची बायको सांगायची. “आणि दुसऱ्या दिवशी परत विचारणार. बाजू तीच आहे का बघायला!”

असा माणूस शनिवार-रविवारी चौदा वर्षांखालच्या मुलींच्या सॉफ्टबॉलला अंपायर म्हणून उभा राहायचा. तरुणपणी ते स्वतः खेळलेले होते, उजव्या हाताची करंगळी त्यात कायमची वाकडी झालेली. मुली त्यांना पाठीमागे ‘भिंगसर’ म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं, आणि कोण कोण म्हणतं तेही ठाऊक होतं.

सुरुवातीला ते इतके संशयी नव्हते म्हणे. पण एका मॅचमध्ये होम प्लेटपाशी दोघींची धडक झाली, धावत आलेली मुलगी गडाबडा लोळायला लागली, आणि यांचं काळीज पाघळलं. त्यांनी रन देऊन टाकला. मग पाहतात तर काय, लोळता लोळताच पोरीने मैत्रिणीला डोळा मारला. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो, हे त्या दिवसापासून पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागले.

आता नियम तसा सरळ आहे. तिसऱ्या बेसवरून मुलगी धावत घरी येते, म्हणजे होम प्लेटकडे. तिथे कॅचर उभी. कॅचरच्या हातात बॉल असेल तर तिने वाट अडवली तरी चालतं, आणि प्लेटला पाय लागायच्या आत तो बॉल अंगाला टेकवला की धावणारी बाद. बॉल नसताना अडवली तर ते ऑब्स्ट्रक्शन, रन बहाल. एवढंच. पण हे सगळं पापणी लवते न लवते तोच घडतं. वर धूळ, रडारड, आणि कठड्याबाहेर आयाबापांचा कल्ला. भिंगसरांनी त्यावर स्वतःचा उपाय काढला होता. तोंडाकडे बघायचं नाही, तोंडं खोटी असतात. पायांकडे बघायचं. शिवाय खिशात एक छोटी वही. तिच्यात असल्या नोंदी: ‘लाल, दुसरा बेस – हाक मारून फसवते.’ ‘हिरवी, तीन नंबर – लागलं नसताना लंगडते.’ कोणत्याही मॅचच्या आधी ते ही वही परीक्षेला बसल्यासारखी वाचून काढत.

फायनलच्या दिवशी वहीत वरच एक ओळ होती: ‘निळी कॅचर – डावा पाय. बॉल नसताना घालते.’ आदल्या दिवशीच्या सेमीफायनलची ती नोंद.

निळ्यांची ही कॅचर अंगाने थोराड, बोलायला मुकी, सारखी हेल्मेटचा पट्टा चावत बसणारी. जिंकणारा संघ पुढच्या मोठ्या स्पर्धेला जाणार होता, हरणारा घरी. पुढच्या वर्षी ती या गटात बसणार नव्हती, आणि तिच्या शाळेत मोठ्या मुलींचा संघच नव्हता. म्हणजे आज हरली तर तिचं खेळणं संपलं. हे भिंगसरांना नीट माहीत होतं, कारण वयाचे दाखले तेच तपासत. उजेडासमोर धरून, खाडाखोड शोधत.

दुसऱ्या अंपायर होत्या एका शाळेतल्या खेळाच्या तरुण बाई. त्यांची मावसबहीण निळ्यांच्या शाळेत आहे, ही बातमी भिंगसरांनी सकाळीच काढली होती.

“तुमचे बेस तुम्ही सांभाळा, घर माझं,” त्यांनी बजावलं. “मी विचारल्याशिवाय बोलायचं नाही.”

“बरं, सर,” बाई म्हणाल्या. तो ‘बरं’ जरा लवकरच आला असं त्यांना वाटलं.

शेवटची इनिंग आली. दोन्ही संघ बरोबरीत, बॅटिंग पिवळ्यांची, दोघी बाद, आणि एक शेलाटी पिवळी मुलगी तिसऱ्या बेसवर. रन झाला तर मॅच पिवळ्यांची, बाद झाली तर जादा इनिंग. टोला डाव्या बाजूला गेला, शेलाटी सुटली, लांबून बॉल सरळ घराकडे फेकला गेला. भिंगसर वाकले. त्यांची नजर कॅचरच्या डाव्या बुटावर खिळलेली होती. बूट हलला. आला! म्हटलं होतं ना, आलाच!

धाड! दोघी धुळीत आडव्या. भिंगसरांनी डावा हात बाजूला ताणला आणि ओरडले, “ऑब्स्ट्रक्शन! रन मान्य!”

पिवळ्या मुली नाचायला लागल्या. कॅचर उठून बसली, आणि काही न बोलता तिने ग्लोव्हज त्यांच्यापुढे धरला. आत बॉल होता. ‘पडल्यावर उचललाही असेल,’ भिंगसर मनात म्हणाले.

निळ्यांचे कोच पळत आले. “सर, बॉल तिच्या हातात होता हो!”

“तुमच्याच मुलीच्या हातात होता म्हणून तुम्हाला दिसला.”

खेळाच्या बाई दोन पावलं पुढे आल्या. भिंगसरांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्या जागीच थांबल्या. आली मावसबहिणीची माया, त्यांनी मनाशी नोंद केली.

अंपायर मैदानाबाहेर पडेपर्यंत निर्णय बदलता येतो. फक्कीची पांढरी रेघ ओलांडली की संपलं, मग ब्रह्मदेव आला तरी रन तो रन. भिंगसर रेघेकडे निघाले. वाटेत ती शेलाटी मुलगी बरगडी धरून बसली होती. जिंकलेली असून तोंड वेडंवाकडं. त्यांना राहवलं नाही. हिला खरंच लागलंय, की हेही सोंग?

“कुठे लागलं?”

“इथे, सर.”

“काय लागलं? तिचा पाय?”

“नाही, ग्लोव्हज. बॉल होता ना आत, म्हणून दगडासारखा बसला. मला तर वाटलं आउटच झाले! मग तुम्ही हात केला.” आणि ती त्यांच्याकडे पाहून कृतज्ञतेने हसली.

भिंगसर तिथेच उभे राहिले. सवयीने त्यांनी या बोलण्यात खोट शोधली, पण सापडेना. स्वतःच्याच विरुद्ध खोटं कोण कशाला बोलेल? मग त्यांनी बॉल आठवून पाहिला. फेकलेला, येणारा, ग्लोव्हजमध्ये शिरणारा. काहीच आठवेना. बॉल त्यांनी पाहिलाच नव्हता. पाहिला होता तो पाय, आणि तोही कालच्या मॅचमधला.

त्यांना लाज वाटली आणि भीतीही वाटली. रेघ दोन पावलांवर होती. मान खाली घालून चालत राहिलं असतं तर कोणी अडवणार नव्हतं. वीस वर्षांत त्यांनी एकही निर्णय फिरवला नव्हता, त्याचा त्यांना केवढा तोरा! पण पोरीचं ते न बोलता ग्लोव्हज पुढे धरणं काही केल्या डोळ्यांपुढून हलेना.

ते मागे वळले. “बाई, इकडे या. तुम्हाला काय दिसलं?”

“तुम्ही म्हणाला होतात, विचारल्याशिवाय...”

“आता विचारतोय ना!”

“बॉल आधी आला, सर. पाय नंतर गेला. बॉल चांगलाच आधी होता.”

भिंगसरांनी मूठ वर केली. “आउट! रन रद्द. जादा इनिंग!”

मग काय विचारता! कठड्याबाहेरून एक बाप ओरडला, “आधी स्वतःच्या दुकानात जाऊन डोळे तपासा!” दुसरा म्हणाला, “आणि वरून खाली वाचा!” भिंगसरांनी सगळं ऐकून घेतलं. खरं सांगायचं तर त्यांना हलकं वाटत होतं.

जादा इनिंगमध्ये निळ्यांना काही जमलं नाही. पिवळ्यांची पाळी आली. कॅचर पुन्हा प्लेटमागे बसली, हे तिच्या पाठीमागे. तिने मान वळवून विचारलं, “आता परत बदलणार नाही ना, सर?”

“नाही गं.”

ती त्यांच्याकडे बघत राहिली. ती नजर त्यांच्या ओळखीची होती. तक्ता घडाघडा वाचणाऱ्या गिऱ्हाइकाकडे ते स्वतः अशाच नजरेने बघत.

दोघी बाद झाल्या, आणि पुन्हा एक पिवळी मुलगी तिसऱ्या बेसवरून सुटली. या वेळी भिंगसरांनी सगळं पाहिलं. बॉल केव्हाचा कॅचरच्या ग्लोव्हजमध्ये येऊन बसला होता. रनर अजून चार पावलं लांब होती. फक्त डावा पाय प्लेटपुढे टाकायचा, बस. नियमात बसत होतं, वेळ होता, जागा होती. घाल, पोरी, घाल पाय! पण अंपायरने असं ओरडायचं नसतं.

कॅचरने डावा पाय मागे घेतला. पार बाजूला सरकून तिने लांबूनच हात पुढे केला. मधल्या मोकळ्या जागेतून पिवळी मुलगी घसरत आली, आणि ग्लोव्हज टेकायच्या आत तिचा पाय प्लेटला लागला.

भिंगसरांनी दोन्ही हात पसरले. “सेफ.”

कोणी हुज्जत घातली नाही. निळ्यांचे कोचसुद्धा म्हणाले, “बरोबर दिलंत, सर.” पिवळ्या मुली नाचत मैदानाबाहेर गेल्या. भिंगसर उगाचच वाकून प्लेटवरची माती झाडत राहिले. मागे कॅचर पायांवरचे पट्टे सोडत होती, आणि कोच तिला हळू आवाजात विचारत होते.

“पाय का गं काढलास? वाट अडवायला हवी होती ना?”

“सर बघत होते,” ती म्हणाली.