जुन्नर ते शिनोली: दारूचं नाव घेऊन विचारायला

"शेती किती, विहिरीला पाणी किती, ते मामा बघतील. तू फक्त दारूचं विचार. आणि 'घेतात का' असं नाही, सरळ 'दारू' म्हणून विचार!" निघताना सुजाताने, माझ्या धाकट्या बहिणीने, दम भरला. थोरल्या ताईच्या वेळी मामांनी "घेतात का?" असं गुळमुळीत विचारलं होतं. "कधीमधी" असं उत्तर आलं आणि ताई दोन वर्षांत माहेरी परत आली.

तर बहिणीचं स्थळ बघायला निघालेल्या भावांनो, वाट सांगतो. जुन्नरहून सकाळची एसटी धरा, नारायणगावावरून मंचरला उतरा. स्टँडजवळ मिसळ खा, झणझणीत आणि स्वस्त. मग भीमाशंकरची गाडी. घोडेगाव सुटलं की डोंगर जवळ येतात, भातखाचरं लागतात. खिडकी सोडू नका. मी खिडकीतच होतो, पण तो एक प्रश्न मनात घोकत होतो, बघतोय कोण!

शेजारी मामा मजेत. "अरे, चारचौघांत दारू काय म्हणायचं? पैसेवाला घेतो, साहेब बसतो, पोरं टाकतात. दारू पितो तो फक्त गरीब."

शिनोलीत उतरून चहा घेतला. मामांनी टपरीवाल्याला मुलाचं नाव सांगून हळूच विचारलं, "पोरगं घेतंय का?"

"न्हाई राव, लई सालस हाय. बाप मात्र..." म्हणून तो किटलीकडे वळला. झालं! मी चहा अर्धाच ठेवून उठलो.

मुलाच्या घरी कांदेपोहे आले. मुलगा, प्रकाश, खाली मान घालून बसलेला. वडील खांबाला टेकलेले, डोळे तांबारलेले. मामा पाऊसपाण्यावर रंगात आले. म्हटलं, आता नाही तर कधीच नाही.

"काकू, प्रकाशराव दारू पितात का?"

मामांना ठसका लागला. प्रकाशने मान वर केली. "न्हाई. कधीच न्हाई." तेवढ्यात त्याची आई पदर खोचून पुढे आली. आता हाकलतात आपल्याला, असंच वाटलं.

"बरं झालं पावणं, कुनीतरी नाव घिऊन इचारलं. माझ्या बापाला सांगितलं व्हतं, सणासुदीला घेतात. त्यो सण आजून चालूच हाय!" वडिलांनी तोंड फिरवलं. "पोरगं शिवत न्हाई. आन शिवलंच, तर तुमच्या बहिणीला मीच माहेरी आणून घालीन. आन मी बी तिथंच ऱ्हाईन."

हुश्श! छातीवरचा धोंडा उतरला. पोहे गार झाले होते, तरी दुसऱ्यांदा मागून खाल्ले. पुढे भीमाशंकरला जायचं ठरलं होतं, ते राहूनच गेलं. परतीच्या गाडीत मात्र डोंगर दिसले, आणि काय दिसले!

घरी सुजाता दारातच उभी. "नाव घेऊन विचारलंस?"

"विचारलं." मग सगळं सांगितलं. ताईही आतून येऊन ऐकत उभी राहिली. सुजाता खुदकन हसली.

"मुलाला बघेन सावकाश," म्हणाली. "सासू पसंत आहे."