झिपरूच्या वाट्याची मूठ

माझ्या सासूला, सारंगखेड्याच्या जसोदाबाई भोईणीला, कोणी 'देवभोळी' म्हटलं की माझं डोकं अजून फिरतं. देवभोळी कसली! रोज सकाळी घाटावर जाताना ती दोधूकाकांच्या, म्हणजे तिच्या दिराच्या, दारात थांबायची आणि त्यांच्या देव्हाऱ्यातल्या कानबाईला उंबऱ्याबाहेरूनच फैलावर घ्यायची. "तुले डोया शेत का नहीत? कितला अंत पाहशी मन्हा?" आत काकू भाकरी थापता थापता कपाळाला हात लावायच्या. भांडून झालं की सासू पदर पसरून पाया पडायची आणि कामाला निघून जायची. भक्तीचा असला प्रकार मी दुसरीकडे कुठे बघितला नाही.

मी आता शहाद्याला नातीकडे असते, आणि तिच्या नादाने शाळेतलं बोलणं बोलते. पण जसोदाबाईचं सांगताना तिचे शब्द अहिराणीतच ठेवते. त्यांना हात लावायची माझी छाती नाही.

तिचं भांडण उगाच नव्हतं हो. नवरा नावाडी, तो पटकीने गेला. मग मानमोडीची साथ आली, त्यात एका आठवड्यात दोन लेकरं गेली. तिच्या स्वतःच्या अंगात ताप, आणि तशात तिने ती दोन्ही पुरली. उरला एकटा झिपरू. त्या झिपरूची मी बायको. लग्नात मी चौदाची होते. चार पावसाळे संसार झाला, मूल काही राहिलं नाही. नवरा चांगला होता, खोटं कशाला बोलू? थोडा फुशारकी मारायचा, पण जीव लावायचा.

पाचव्या आषाढात तापीला पूर आला आणि घाटावर बांधलेल्या नावेचा दोर तुटला. नाव म्हणजे आमची भाकर. झिपरूने मागचा-पुढचा विचार न करता उडी मारली. नावेची कड त्याच्या हाताला लागलेली सगळ्या घाटाने बघितली. मग वळणाआड नाव गेली, तिच्याबरोबर तोही गेला. तिसऱ्या दिवशी नाव खाली प्रकाशा गावाजवळ उलटी सापडली. झिपरू सापडला नाही. महिन्याभराने एक घोडेवाला सांगत आला की, सुरतेच्या बंदरावर असाच एक जण गोण्या उचलताना दिसला. झालं! कोण कुठला तो माणूस, पण त्याच्या त्या एका वाक्यावर आमच्या घराची सात वर्षं गेली.

आता रोटाचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्याकडे श्रावणात कानबाई बसते. त्याआधी प्रत्येक घर आपल्या पुरुषांचे गहू मोजतं. एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ, म्हणजे एक मूठ भरून आणि वर चिमूट. ते गहू दळायचे, त्याचं रोट करायचं, देवीला दाखवायचं आणि घरच्यांनीच संपवायचं. आमच्या भाऊबंदांत ही रीत भारी कडक. मेलेल्याची मूठ भरायची नाही, जिवंताची चुकवायची नाही. ज्या घरात पुरुष नाही, त्या घरात रोट नाही.

पुरानंतरचा श्रावण आला तेव्हा सासूने सूप पुढे ओढलं आणि झिपरूच्या नावाने मूठ भरली. दोधूकाका समजवायला आले. त्यांना ती म्हणाली, "कानबाईनी दिन्हा तो. मन्हा तिन्हावर भरोसा शे." काकांनी हात टेकले.

मूठ भरली म्हणजे झिपरू जिवंत. झिपरू जिवंत म्हणजे मी सवाष्ण. माझं कुंकू राहिलं, बांगड्या राहिल्या. सगळा गाव म्हणाला, सासूने सुनेवर काय उपकार केले! उपकार? आमच्या भोयांत विधवेचा पाट लागतो, तिचा दुसरा संसार होतो. सवाष्णीचा पाट कसा लागणार? मी ना विधवा, ना नवऱ्याची. जोवर ती मूठ भरली जात होती, तोवर मला कुठे जायला वाट नव्हती. आणि झिपरूच्या वाट्याचं रोट खायचं कोणी? बायकोने. सात श्रावण मी ते खाल्लं. तूप-गुळाशी खाल्लं तरी घशात अडकायचं.

पण सासूचं एक सांगितलंच पाहिजे, नाहीतर माझ्या तोंडाला पाप लागेल. ती सात वर्षं नाव तिने चालवली. बाईमाणूस नाव चालवतं हे घाटाने तोवर बघितलं नव्हतं. पहिल्या दिवशी कोणी चढेना. ती रिकामी नाव घेऊन पलीकडे गेली, रिकामीच परत आली, पुन्हा गेली. तिसऱ्या खेपेला एक म्हातारा शिव्या देत चढला, कारण त्याला बाजार गाठायचा होता. मग हळूहळू सगळेच बसू लागले. घोड्यांच्या जत्रेच्या दिवसांत तर बिथरलेला घोडा एका हाताने धरून दुसऱ्या हाताने बांबू रोवायची. मी आ वासून बघत राहायचे. एकदा विचारलं, "माय, भीती नाही का वाटत?"

"वाटस ना. रोज वाटस," ती म्हणाली. "भ्यावले घाटवर बसाडस, नि मंग नावमा चढस."

दिवसभर नाव ओढून ती घरी यायची तेव्हा हाताला फोड आलेले असायचे. जेवताना घास हातात तसाच राहायचा आणि बसल्या बसल्या डोळा लागायचा. दारात कोणाचं पाऊल वाजलं की मात्र ताडकन उठायची. ते पाऊल झिपरूचं नसायचं. मग ती मला काहीतरी खोड काढून बोलायची, मीही सोडायची नाही. आम्ही दोघी कडाकडा भांडायचो. शेजारच्या बायकांना करमणूक होती.

आठव्या वर्षी, साल सदतीस-अडतीस असेल, प्रकाशाचा सुपडू भोई घाटावर येऊ लागला. नदीच्या वाळूत टरबुजं लावायचा. त्याची बायको बाळंतपणात गेलेली. बोलायला अगदी सरळ. एक दिवस मला म्हणाला, "पारू, झिपरू आहे का नाही, एवढंच सांग. मी थांबायला तयार आहे. पण आहे म्हणालीस तर पुन्हा या घाटावर यायचा नाही." मला राग आला, आणि रागाच्या खाली बरंही वाटलं. सात वर्षांत मला कोणी काही विचारलंच नव्हतं.

श्रावण आला. एका सकाळी सासूने सूप ओढलं, गव्हात हात घातला, मूठ भरली. आणि माझा तोल सुटला.

"नको भरूस! तो मेलाय, नाहीतर मला टाकून गेलाय. दोन्हीतलं काही असो, मला ते रोट आता गिळवत नाही. तू भरवसा भरवसा म्हणतेस, आणि तुझ्या त्या भरवशाखाली माझा जीव गुदमरतोय, माय!"

बोलून गेले आणि मीच घाबरले. तिची मूठ हवेतच राहिली. मला वाटलं, आता सूप डोक्यात घालते. पण मूठ तशीच धरून ती उठली आणि दाराबाहेर पडली. मी बघितलं तर ती घाटाकडे निघालेली. तापी दुथडी भरलेली. म्हातारी उडी मारणार, आणि मारली तर माझ्या तोंडामुळे! मी तशीच अनवाणी धावत सुटले.

ती पायऱ्या उतरून मांडीइतक्या पाण्यात जाऊन उभी राहिली. तिने कानबाईला हाक मारली. रोजचा भांडणाचा आवाज नव्हता तो. तिचा इतका साधा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता.

"ले माय. सात वरीस धरी ठेवा मी त्याले. माले वाटे, मी मूठ सोडी त तो मरी जाई. तो मन्हा मूठमा नहीच व्हता. तुन्हाजवयच व्हता. ले, तुन्हा तुले."

आणि तिने हात उघडला. गढूळ पाण्यात गहू पडले आणि डोळ्याचं पातं लवेपर्यंत दिसेनासे झाले.

ती तशीच उभी राहिली. आता ही ऊर बडवून घेणार म्हणून मी जीव मुठीत धरून थांबले. तिने वाकून दोन्ही हात धुतले, तोंड धुतलं, आणि मागे न बघता म्हणाली, "पारू, तठे कसाले उभी शे? वल्ली व्हशी ना."

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. आज सांगतानाही येतोय, बघा. ज्या देवीने या बाईचं एकामागून एक सगळं नेलं, तिच्याच हातात तिने शेवटचं उरलेलंही दिलं होतं. हिसकावून नेलं म्हणून नाही हो, आपणहून दिलं होतं! मला तर त्या क्षणी नदीची नाही, तिचीच भीती वाटली. देवळात गाभाऱ्यापाशी वाटते ना, तसली.

त्या रविवारी भाऊबंद दोधूकाकांकडे जमले. घराघराचं पीठ पुढे आलं. आमची पाळी आली तेव्हा सासू म्हणाली, "मन्हा घरमा यंदा रोट नही. मन्हा झिपरू देवघर गया." इतकंच. जे दोधूकाका सात वर्षं तिच्या मागे लागले होते, तेच उपरण्यात तोंड लपवून हमसून हमसून रडायला लागले. ती उठून कानबाईसमोर जाऊन बसली. सगळ्यांना वाटलं, आता देवीची काही खैर नाही. पण ती नुसती डोकं टेकवून बराच वेळ बसून राहिली.

माझ्या बांगड्या तिनेच उतरवल्या, आणि घाटावर तिने सगळं बघितलेलंच होतं, सुपडूच्या घरी निरोपही तिनेच धाडला. दसरा झाला, पाणी ओसरलं. काका म्हणाले, पारूला गाडीने प्रकाशाला पोचवू. "नाव शे ना," ती म्हणाली. तिच्यापुढे कोण बोलणार?

मी पुढे गाठोडं घेऊन बसले, ती मागे बांबू घेऊन उभी. नाव धारेला लागली. वळण जवळ आलं आणि मला एकदम कळलं की सात वर्षांत ती या बाजूला कधी आली नव्हती. या काठावरून त्या काठावर, एवढीच तिची नदी होती. झिपरू ज्या पाण्यातून वाहत गेला, त्याच पाण्यातून ती आज मला घेऊन चालली होती. वळणाखाली डोह आहे, तिथे बांबू टेकत नाही. तिने बांबू उचलून आडवा ठेवला आणि खाली बसली. नाव आपली आपण चालली होती. दोन्ही काठांवर माणूस नाही, पाणी स्वच्छ, वर सगळं आभाळ. मी मागे वळून बघितलं. तिचा चेहरा अगदी शांत होता.

ती म्हणाली, "पारू, सात वरीस मी ज्याले भरोसा म्हणे ना, ते भ्याव व्हतं. भरोसा त्या दिन उना, जव्हय हात रिकामा झाया."

मी रडले, खूप रडले. तिने मला रडू दिलं. डोह संपल्यावर उठली आणि पुन्हा बांबू हातात घेतला.

प्रकाशाच्या काठाला सुपडू गुडघाभर पाण्यात येऊन उभा होता. नवी टोपी, आणि हातांचं काय करावं ते कळत नव्हतं बिचाऱ्याला. सासूने त्याला मोठं भाषण दिलं नाही. "हाई पोर तोंडनी तिखट शे," ती म्हणाली. "सांभाय."

मी तिचा हात धरला. म्हटलं, आज राहा. तिकडे घरात आता तुला कोण आहे? कोणाशी भांडशील? कोणाबरोबर जेवशील?

ती चिडली. चिडली म्हणून मला जरा धीर आला.

"कोण म्हणजे? ज्या माऊलीजवय मन्हा झिपरू शे, तिन्हाचजवय मी शे. सोड आते हात. उद्या बाजार शे, लोके नावनी वाट पाहतीन."

उलट्या धारेला नाव चढवणं हे दोन पुरुषांचं काम. सुपडू बरोबर जायला निघाला तर तिने त्याला नावेत पाय ठेवू दिला नाही. काठाकाठाने बांबू रोवत, अंगाचा सगळा भार त्याच्यावर टाकत, ती एकेक हात पुढे सरकत गेली. वाटेत एकदाही तिने मागे बघितलं नाही. ऊन कलेपर्यंत आम्ही दोघं तिथेच उभे होतो. सुपडूने हात जोडले होते. नावेतल्या बाईला की तिच्या देवीला, ते मी विचारलं नाही. माझेही जोडलेले होते.