खाऱ्या पाण्याचं वाक्य

माझी मोठी बहीण हिवरखेडजवळच्या आमच्या गावाची सरपंच होती. मी अमरावतीला शिक्षिका. सुट्टी लागली की तिच्याकडे जायचे. त्या वर्षी पंचायतीनं नळांना मीटर बसवायचं ठरवलं. आमच्याकडे बोअरचं पाणी खारट, तोंडात धरवत नाही. गोडं पाणी दुरून पाइपानं येतं. वरच्या भागात नळ उघडे वाहत राहायचे आणि आमच्या बौद्धवस्तीत घागरही भरायची नाही.

ग्रामसभेत ताई म्हणाली, "असंच पानी वाया घालवलं, त उद्या तुमच्या लेकरायले खारं पानी प्या लागन." कुणीतरी ते मोबाइलवर घेतलं. गावभर फिरलं ते मात्र शेवटचंच: तुमच्या लेकरायले खारं पानी प्या लागन.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिचा डबा घेऊन पंचायतीत गेले. डबा उघडतच होते, तेवढ्यात शिपाई धावत आत आला आणि त्यानं दाराला कडी घातली.

"ताई, लोकं येऊन राहिले. लय हायेत."

आधी वाटलं, चार-दोन जण असतील. मग खिडकीतला उजेडच कमी झाला. शिव्या कुणी देत नव्हतं. "ताई, बाहेर या," एवढंच. तेही अहो-जाहो करून. त्यातला एक आवाज शेजारच्या काकूंचा होता. सकाळी त्यांनीच आम्हाला दही दिलं होतं.

ताई उठली. "दार उघड. मले बोलू दे त्यायच्याशी."

"नको ना ताई!" मी तिचा पदर घट्ट धरला.

पहिला दगड तावदान फोडून आत आला. काचा डब्यातल्या भाजीत पडल्या. शिपाई टेबलाखाली शिरला. ताई खिडकीजवळ जाऊन ओरडली, "पुरं तरी ऐका! मी काय म्हनलं ते पुरं ऐका!" गजांच्या पलीकडे तिच्याकडे नुसते मोबाइल रोखलेले होते. तिचं हे ओरडणंही क्लिप होऊन फिरणार, हे मला तेव्हाच कळलं.

शिपायानं टेबलाखालूनच फोन लावला होता. पोलिसांची गाडी आली तसे लोक पांगले.

संध्याकाळी काकू अंगणात आल्या. मला राहवलं नाही. "काकू, तुम्ही पण होता?"

"सारेच चालले होते, बाई. म्हनून मी बी गेली."

"दगड कुणी मारला?"

"आता ते काय सांगाव?" असं म्हणून त्या ताईच्या तब्येतीची चौकशी करू लागल्या.

मीटर बसले. काही फुटले, पुन्हा बसवले. वस्तीत आता घागर भरते. ताईनं मुदत पुरी केली, पण पुन्हा उभी राहिली नाही. पूर्ण भाषण आम्ही सगळ्यांना पाठवलं होतं. ते कुणी पुढे पाठवलं नाही.

हल्ली पालकसभेत एखाद्यानं मोबाइल वर धरला की माझी जीभ अडखळते. ओठांवर आलेलं वाक्य कुठून कापता येईल, तेच मी आधी शोधू लागते.