दूध-भाकरीचा काला

पिंपळगाव राजा गावच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या सिंधूताईचा नेम होता. पंगतीआधी पहिला घास स्वतः चाखायचा, अन् कुणी ताटात अन्न टाकलं की पळी घेऊन त्याच्यामागं लागायचं. "काऊन बे, अन्न काय फुकट आलं?" बावीस वर्षांत ताटात शीत ठेवायची कुणाची टाप नव्हती.

घरात मात्र सात वर्षांची नात धम्मशीला दर घासामागं पाणी प्यायची. जेवायला तास तास लावायची. कधी घास अडकला की डोळे भरून यायचे. "आजी, मले दूध नको. गळ्यात अटकते."

"नखरे हायत सारे!" म्हणत सिंधूताई भाकरी आणखी बारीक कुस्करून दुधात भिजवायची. मऊ केलं म्हणजे उतरते, एवढंच तिला ठाऊक. पोरगी वाळतच चालली.

शेवटी तिनं अन् सून रुपालीनं पोरीला अकोल्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अन्ननलिकेला सूज वाटते. तोंडातून दुर्बिणीची नळी घालून आतला बारीकसा तुकडा तपासावा लागेल." एवढ्याशा गळ्यात नळी! तिथंच एका पोराच्या गालात कापूस फिरवून नमुना घेताना सिंधूताईनं पाहिलं. "मंग तसंच करा ना, बाई!"

"आजी, जनुकं म्हणजे धान्याची पोती समजा. कोणतं उघडायचं, कोणतं बांधून ठेवायचं, याच्या खडूनं केल्यासारख्या खुणा त्यांच्यावर असतात. या आजारात त्या खुणा बदलतात का, ते आम्ही गालातल्या त्या नमुन्यावरून शोधतोय. पण अजून त्यावर भरवसा नाही. आज दुर्बीणच."

"मंग कापूस कायले?"

"उद्याच्या पोरांना नळी लागू नये म्हणून."

सासू-सुनेनं एकमेकींकडं पाहिलं. "दोन्ही करा," रुपाली म्हणाली अन् तिनं सही केली.

तुकड्यावरून आजार पक्का झाला. खाण्यातलंच काहीतरी पोरीला सोसत नव्हतं, म्हणून आधी दूध बंद करून पाहायचं ठरलं. दोन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घातली तेव्हा सूज ओसरली होती. त्या दिवशी धम्मशीलानं वरण-भाकरी खाल्ली अन् पाण्याचा गिलास तसाच राहिला. सिंधूताईनं मात्र हातातला घास ताटात ठेवला. "माह्या हातानं चारलं वं रुपाली. पोरगी सांगून राह्यली होती, अन् म्या आयकलंच नाही."

दुसऱ्या दिवशी शाळेत चौथीतल्या पुष्पांजलीनं ताट बाजूला सारलं. सिंधूताई येताना दिसताच तिनं घाबरून मोठा घास तोंडाकडं नेला. सिंधूताईनं तिचा हात धरला, पळी खाली ठेवली अन् शेजारी मांडी घातली.

"राहू दे, माय. काय होते ते सांग मले."